हीव

थंडी सगळ्यांना सारखीच लागते असे जो म्हणतो, तो कधी उघड्यावर झोपलेला नसतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढचे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको.

मराठी पेपरांना थंडी फार आवडते. पारा उतरला की 'गुलाबी थंडी' छापून येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठले की त्याचा फोटो येतो आणि तो पाहायला गाड्या निघतात. गोष्टी-कवितांतली थंडीही अशीच. तिच्यात शाल असते, धुके असते, वाफेचा चहा असतो आणि एक खिडकी असते. खिडकीच्या आतून पाहिलेली थंडी. आमच्याकडे थंडीला जुना शब्द आहे, हीव. हीव गुलाबी नसते. हीव भरते, हीव हाडात बसते. तापाच्या आधी अंग थडथडते तेही हीवच.

मी लिहितो आहे ते दोन दिवसांच्या हिवाबद्दल. शनिवार २९ आणि रविवार ३० डिसेंबर २०१८. त्या शनिवारी पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला. त्याआधीचा नागपूरचा नीचांक ३.९ अंशांचा, १९३७ च्या जानेवारीतला. म्हणजे एक्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला. मैदानी भागात पारा ४ अंशांवर किंवा त्याच्या खाली गेला की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. तिकडे हिमालयात बर्फ पडत होता. आदल्याच दिवशी, २८ तारखेला, सिक्कीममध्ये नथू लाच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या अडीच हजारांहून जास्त पर्यटकांना सैन्याने बाहेर काढले होते. तिकडून कोरडे वारे खाली आले, विदर्भाचे आभाळ निरभ्र होते, आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब त्या मोकळ्या आभाळात सोडून देत होती.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जंगलाला लागून. गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, पण माझी आजी अजून भंडारा जिल्हाच म्हणते. इथे बर्फ पडत नाही. पण त्या शनिवारी सकाळी मी बांधीकडे गेलो तर धानाच्या धसकटांवर आणि तणसाच्या ढिगावर पांढरा थर होता. आधी वाटले, कोणी चुना टाकला. बोट लावले तर बोट बधिर झाले. दंव गोठले होते. आजीला सांगितले तर म्हणाली, "पांढरं पडलं का? मंग आता लाखोळी जळते पाय." तिला आधी पीक दिसले. ज्याचे पोट रानावर आहे त्याला गोठलेल्या दंवाचा फोटो काढावासा वाटत नाही.

खरे म्हणजे त्या दिवशी मी बांधीवर असायला नको होतो. आम्ही सात जण त्या सकाळी कोरेगाव भीमाला निघणार होतो. मी तालुक्याच्या ठिकाणी तासिकेवर शिकवणारा. माझी चुलत बहीण नर्सिंग शिकणारी. पोस्टातून रिटायर झालेले मोठे बाबा आणि त्यांच्याच वयाचे एक शेजारी. आणि वस्तीतली तीन पोरे. माणशी साडेतीन हजार वर्गणी केली होती, भाड्याची गाडी ठरवली होती. शनिवारी निघायचे, वाटेत दोन मुक्काम करत सोमवारी रात्री पोचायचे, मंगळवारी १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायची. साडेआठशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीवाल्याचा फोन आला. "मागच्या साली तिकडं गाड्या जाळल्या ना बाप्पा. माझी गाडी कर्जाची हाय. नाही जमत." त्याने आगाऊ घेतलेले पैसे पोराच्या हातून परत पाठवले. त्याला तरी काय म्हणायचे? २०१८ च्या १ जानेवारीला तिथे दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, एक माणूस जिवानिशी गेला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेले. म्हणूनच तर यंदा जायचे होते. भीतीने गर्दी कमी झाली असे कोणी म्हणू नये म्हणून. रेल्वेची आरक्षणे कधीच भरलेली. जनरलच्या डब्यात दारापाशी उभे राहून त्या थंडीत एक दिवस-एक रात्र काढणे पोरांना जमले असते, दोघा म्हाताऱ्यांना नाही. मोठे बाबा म्हणाले, "तुम्ही जा." पोरे म्हणाली, "तुमच्याशिवाय नाही." झाले. सात पिशव्या भरलेल्या तशाच राहिल्या.

आता दोन दिवस घरी. पोरांचे तोंड उतरलेले. एक जण तर रागाने कोणाशी बोलेना. १ जानेवारी म्हणजे आपल्याला काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. १८१८ ची लढाई, स्तंभावर कोरलेली महार सैनिकांची नावे, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे दिलेली भेट. जिथे आपल्या माणसांची नावे दगडात कोरली आहेत अशा जागा या देशात किती? तिथे जाता येत नाही म्हणजे नुसती सहल रद्द झाली असे नाही.

शनिवारी दुपारी आम्ही काहीच काम नसल्यासारखे वस्तीतून फिरलो. बहिणीच्या डोक्यात एक गोष्ट होती. ती म्हणाली, "दादा, पेपरातला पारा कुठं मोजतात माहीत आहे? पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार फूट वर. ऊन लागू नये, पण हवा खेळती राहावी, अशा बेतानं." मी म्हटले, "मग?" ती म्हणाली, "मग चार फुटांवर कोण झोपते?"

हे मला कोणत्याही पुस्तकात कोणी शिकवले नव्हते. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. म्हणून तर पेटीतला पारा शून्याच्या वर असतानाही तणसावर दंव गोठते. पेपरातला आकडा हा उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा आकडा आहे. जो खाली झोपतो त्याचा आकडा वेगळा, आणि तो कुठे छापून येत नाही. वस्तीत खाटा किती आणि माणसे किती, ते आम्ही त्या दुपारी पाहिले. खाट म्हाताऱ्याला नाहीतर बाळंतिणीला. बाकीचे खाली, तणसावर पोते, पोत्यावर गोधडी. तणस हे आपल्या लोकांचे खरे गादीचे कापड. त्यात हवा अडकून राहते, म्हणून ऊब राहते. ज्याच्याकडे बांधी नाही त्याला तेही मागून आणावे लागते.

फिरत फिरत वस्तीच्या टोकाला गेलो. तिथे एक मोठी माय राहते. साऱ्या वस्तीची मोठी माय. नवरा नाही, लेक लग्न होऊन छत्तीसगडात गेली. जन्मभर विड्या वळल्या. तिच्या नावावर घरकुल मंजूर झाले होते. नियम असा की आधी जोते घालायचे, मग पुढचा हप्ता. तिने उन्हाळ्यात घर पाडले. कवेलू एकावर एक रचून मागे ठेवले. जोते घातले. हप्ता येईल या भरवशावर बचत गटाकडून उचल घेऊन भिंती खिडकीपर्यंत नेल्या. पुढचा हप्ता यायला कामाचा फोटो लागतो. मोबाइलवर, ठिकाणासकट. तो काढायला माणूस यायचा होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मंडई झाली, माणूस आला नाही. मोठी माय अर्ध्या भिंतींच्या बाजूला चार बल्ल्या ठोकून वर काळी पन्नी टाकून राहत होती.

पन्नीखाली आम्ही बसलो. दुपारचे दोन वाजले होते तरी आत ओल होती. रात्रभर श्वासाची वाफ पन्नीला लागते, तिचे पाणी होते आणि पहाटे ते अंगावर ठिबकते. पन्नी पाऊस अडवते, पण ऊब अडवत नाही. कवेलूखाली, तणसाखाली जी ऊब राहते ती पन्नीतून सरळ आभाळात निघून जाते. कोपऱ्यात घमेल्यात राख होती. बहीण घाबरली. म्हणाली, "मोठी माय, रात्री हे आत नको ठेवत जाऊ. चारही बाजूंनी पन्नी लावून निखारे ठेवले की विषारी वायू साचतो. माणूस झोपेतच जाते." मोठी माय म्हणाली, "आन भाईर ठेवलं तं?" त्याला उत्तर नव्हते. आत ठेवले तर धुराने मरायचे, बाहेर ठेवले तर हिवाने.

तिची बोटे पाहिली. तेंदूची पाने कापायच्या आधी भिजवावी लागतात, नाहीतर तडकतात. संध्याकाळी पाने पाण्यात, सकाळी ओल्या फडक्यातून काढायची, कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. त्या हिवात बर्फासारख्या पाण्यातून हात काढला की बोटे वळत नाहीत. विड्यांची मजुरी हजारावर असते, तासावर नाही. बोटे बधिर झाली की विड्या कमी, विड्या कमी की मजुरी कमी. विडी कामगारांसाठी तेव्हा १९६६ चा कायदा होता. त्यात कामाचे तास होते, रजा होती, बाळंतपण होते. घरी बसून वळणाऱ्या बाईच्या बधिर बोटांचा हिशेब त्यात कुठे बसवायचा? साहेब लोकांना थंडीत हीटर असतो. हिला थंडीत पगारकपात.

आम्ही बसलो असतानाच एक जीप आली. कुठली संस्था होती ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही, अशा पुष्कळ असतात. दोन माणसे उतरली, एक बॅनर उतरला, ब्लँकेटचा गठ्ठा उतरला. मोठ्या मायला बॅनरपुढे उभे केले, ब्लँकेट अर्धे तिच्या हातात, अर्धे साहेबांच्या हातात. फोटो निघाला. जीप गेली. पाच मिनिटांचे काम. मोठी माय ब्लँकेट खांद्यावर टाकून म्हणाली, "घराचा फोटो काढाले सा महिने झाले, कोनी येऊन नाही रायला. आन माया फोटो काढाले जीप आली."

आम्ही हसलो. पण हसून झाल्यावर सगळे गप्प झालो.

संध्याकाळी आमच्या अंगणात शेकोटी पेटवली. काय पेटवली म्हणा. जंगल लागून असून फाटा आणताना धाक असतो, म्हणून तुरीच्या पऱ्हाट्या, बांबूचे तुकडे, जुने टायर कोणी टाकू पाहिले ते बहिणीने काढून फेकले. आजी जवळ येऊन बसली. तिला ब्लँकेट दाखवले. तिने दोन बोटांत धरून पाहिले आणि म्हणाली, "हे सूत नोहे. चिंध्याचं हाय. याले आमच्या घरी कोनी कापडच म्हनलं नसतं."

ही गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते म्हणून लिहितो. पूर्व विदर्भातले आपले लोक फक्त गावकी करणारे नव्हते. भंडारा-नागपूर भागात घरोघरी माग होते. कोष्टी रेशीमकाठी विणायचे आणि महार जाडेभरडे : लुगडी, धोतरे, पासोड्या. म्हणजे या मुलखाने जे अंगावर घेतले, हिवाळ्यात जे पांघरले, ते आपल्या माणसांच्या हातचे. आजीच्या माहेरी खड्ड्याचा माग होता. तिचा बाप खड्ड्यात पाय सोडून दिवसभर धोटा फेकायचा. "बाजारात पासोडी हातात घेत," ती सांगत होती, "उलटीपालटी करून पायत, पांघरून पायत. पन पैसे देताना वरून टाकत. कापडाले विटाळ नाही, आमच्या हाताले विटाळ." आणि घरात? "घरात पासोडी कुठची? ते तं विकाची. आमी वाकळ पांघराचो."

मग गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी. तारीख बघा. १ जानेवारी. आपण कोरेगावची १ जानेवारी पाठ केली, ही दुसरी १ जानेवारीही पाठ करायला हवी. रेल्वेने गिरणीचे स्वस्त कापड गावागावात गेले, आणि घरचे माग एकेक करून थांबले. विणकर मजूर झाला, विडीवाला झाला, गिरणीत गेला. आणि गिरणीत तरी काय? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यात सूत ओढताना ते तोंडाला लावावे लागे. जास्त पगाराचे खाते तेच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. ज्यांच्या पिढ्या विणण्यात गेल्या त्यांना विणायला मनाई! आणि गावोगावी महारांचा 'हक्क' कोणता मानला? मढ्यावरचे कापड. जिवंत माणसाला पांघरूण विणून देणाऱ्याला मेलेल्या माणसाचे पांघरूण. हा आपल्या समाजव्यवस्थेचा न्याय.

म्हणून म्हणतो, थंडी वरून येते पण हीव खाली वाटले जाते. थंडी हिमालयातून आली हे हवामान खात्याला विचारा. पण कोणाच्या अंगावर काय आहे, कोणाच्या डोक्यावर काय आहे, कोण खाटेवर आणि कोण जमिनीवर, हे हवामान खात्याला विचारून उपयोग नाही. रात्री कोण बाहेर असते ते पाहा. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, रात्रीची पाळी आली की मालक मजुराला पाणी धरायला पाठवतो. रानडुकरांपासून धानाचे पुंजणे राखायला कोण बसते? त्यांच्या हिवाची बातमी येत नाही. नथू लाला अडकलेल्या पर्यटकांना सैन्याने सोडवले, चांगलेच केले. पण जे हौसेने बर्फात गेले ते अडकले तर बातमी, आणि जे सहा महिने पन्नीखाली अडकले आहेत ते?

शेकोटीभोवती मग वाद सुरू झाला. तो सांगितलाच पाहिजे, कारण तुमच्याही वस्तीत हा वाद होणार. एक पोरगा म्हणाला, "वर्गणीचे पैसे आहेत. सात जण आहोत. दोन दिवस मोकळे आहेत. उद्या मोठ्या मायचं छप्पर घालू." दुसरा ताडकन म्हणाला, "म्हणजे आपण आता धर्मादाय संस्था का? त्या जीपवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? कोरेगावला जाणारे कार्यकर्ते कवेलू रचत बसले म्हणजे सरकार सुटलंच. हप्ता त्याने द्यायचा आणि छप्पर आपण घालायचं?" त्याचे म्हणणे चूक नव्हते. दान माणसाला वाकवते आणि व्यवस्थेला मोकळे सोडते. ब्लँकेट देणारा दरवर्षी येतो, कारण दरवर्षी कोणीतरी कुडकुडत असावे लागते.

मोठे बाबा बराच वेळ निखारे सारखे करत होते. म्हणाले, "महाडला १९२७ च्या डिसेंबरात लोक कशाला जमले होते? तळ्याचं पाणी घ्यायला. कोर्टाचा मनाईहुकूम आला. सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. लांबलांबून आलेले लोक. पण ते तसेच उठून घरी गेले का? पंचवीस तारखेला मनुस्मृती जाळली. मिरवणूक काढली. बाबासाहेब बायांशी बोलले, लुगडं कसं नेसा ते सांगितलं. ठरलेलं काम अडलं म्हणून आलेल्या माणसानं रिकामं बसावं असं कुठं आहे?" पोरगा म्हणाला, "मनुस्मृती जाळणं वेगळं, कवेलू रचणं वेगळं." मोठे बाबा म्हणाले, "नेसणं-पांघरणं त्यातच आलं होतं पोरा. जातीनं काय नेसायचं ते ठरवलं होतं, ते मोडायला सांगितलं."

शेवटी तोड काढली बहिणीने. छप्पर घालायचे, पण अर्जासकट. छप्पर एकट्याने नाही, अर्जही एकट्याने नाही. ज्यांची ज्यांची घरकुले अडली आहेत त्या सगळ्यांच्या सह्या, पहिली सही मोठ्या मायची. आणि फोटो आपणच काढायचे. माणसांचे नाहीत, घरांचे.

रविवारी सकाळी आम्ही हत्यारे घेऊन गेलो तर मोठ्या मायने अडवले. "नव्या जोत्याले हात नोको लावू. तिथं कवेलू चढवलं तं साहेब म्हनन, हिचं घर झालं, आता हप्ता कायले? मांगं जुन्या जागेवर करा." आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आले नव्हते. अंगठा देणारी बाई, पण सरकारी कागदाचा डाव तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होता. मागे जुन्या घराच्या जागेवर बल्ल्या रोवल्या. बाजारातून बांबू, खिळे आणि तट्टे आणले, दोन हजारांच्या आतबाहेर. आडा चढवला, फाटे टाकले, कामट्या बांधल्या. खाली तणसाचा थर आणि वर तिचेच जुने कवेलू. कवेलू रचणे आता पोरांना येत नाही. मोठे बाबा आणि त्यांचे दोस्त, जे जनरलच्या डब्यात उभे राहू शकले नसते, ते दोघे छपरावर चढले आणि पोरे खालून कवेलू देत राहिली. बाया आल्या, शेणमातीने जमीन सारवली. कोरेगावला न गेल्याचा राग ज्याला सगळ्यात जास्त होता तो बल्ल्यांचे खड्डे खणत होता. खणताना माणसाला राग धरता येत नाही, धाप लागते.

संध्याकाळी चूल आत पेटली, धूर कवेलूंच्या फटीतून वर गेला. मोठ्या मायने सगळ्यांना काळा चहा दिला. ब्लँकेट तिने खाली अंथरले होते. म्हणाली, "पांघराले माही वाकळच बरी. हे खाली ठीक हाय." उरलेले पैसे ज्याचे त्याला परत दिले, त्यातून प्रत्येकाने पन्नास-पन्नास अर्जांच्या झेरॉक्सला आणि फोटोंना काढून दिले.

सोमवारी सह्या घेतल्या. एकट्या आमच्या वस्तीत पाच घरे निघाली, शेजारच्या टोल्यावर तीन. काही घरे आपली होती, काही गोंडांची, एक ढिवराचे. हिवाने जात पाहिली नव्हती असे नाही, पण ज्यांना त्याने गाठले ते सगळे एका अर्जावर आले. मंगळवारी, १ जानेवारी २०१९ ला, सकाळी निळा झेंडा लावून विजयस्तंभाच्या फोटोला मानवंदना दिली आणि तिथूनच अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. आवक शिक्का मारून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय हलायचे नाही हे मोठ्या बाबांनी पोस्टातल्या नोकरीत शिकलेले. तिकडे टीव्हीवर कोरेगाव दिसत होते. मोठा बंदोबस्त होता आणि त्या बंदोबस्तातूनही लाखांनी लोक आले होते. भीतीने गर्दी कमी झाली असे कोणी म्हणू शकले नाही. पोरे टीव्हीपुढे उभी राहून ओरडली.

अर्जाचे काय झाले? तीनदा जावे लागले. फोटो काढणारा माणूस आला. हप्ता आला तो मार्चमध्ये, म्हणजे हिवाळा गेल्यावर. पांघरूण मिळते ते नेहमी उन्हाळ्यातच. पण आला. पुढच्या पावसाळ्याआधी मोठ्या मायच्या पक्क्या घरावर स्लॅब पडला. मागचे कवेलूचे छप्पर तिने मोडले नाही. विड्या वळायला तिथेच बसते, कारण स्लॅबखाली हिवाळ्यात गारठा जास्त असतो असे तिचे म्हणणे. आठातली दोन घरकुले पुढेही अडूनच राहिली आणि त्यांचा पाठपुरावा पोरांनी चालवला. पुढच्या वर्षी, २०२० च्या १ जानेवारीला, आम्ही कोरेगावला गेलो. सातांचे अकरा झालो होतो.

दोस्तांनो, स्तंभाला जाणे सोडा असे मी म्हणत नाही. तसे कोणी म्हणत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. जो आपल्याला आठवण ठेवू देत नाही तो आपल्याला छप्परही घालू देणार नाही. मी म्हणतो ते एवढेच, की डिसेंबरच्या शेवटी, निघण्याच्या आधी, एका रात्री आपल्या वस्तीतून फिरा. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, जेव्हा हीव सगळ्यात जास्त असते. पन्नीखाली किती जण आहेत ते मोजा. खाटा मोजा. विझलेली घमेली मोजा. कोणाच्या जोत्यावर काम अडले आहे ते लिहून घ्या. तो कागद खिशात ठेवा आणि मग मानवंदनेला जा. परत आलात की तो कागद कार्यालयात द्या, आणि पोच घ्या.

आणि पेपरात पारा किती अंशांवर उतरला ते वाचाल, तेव्हा लक्षात ठेवा, तो आकडा चार फुटांवरचा आहे. आपली माणसे त्याच्या खाली झोपतात.